डबा कोणाच्या घरी? टीआरपी, रिॲलिटी शो आणि आमचा नंदुरबार

मागच्या भागानंतर शहाद्याच्या एका काकांचा निरोप आला. म्हणाले, "सगळे टीआरपी टीआरपी करतात, पण आमच्या गल्लीत आजवर कोणी विचारायला आलं नाही की बाबा तू काय बघतोस. मग हे मोजतं कोण?" प्रश्न साधा आहे. उत्तर द्यायला मात्र पस्तीस-चाळीस वर्षं मागे जावं लागतं, तेव्हा आज तेच करू.

पण आधी फेब्रुवारी २००९. झी मराठीवर 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'ची महाअंतिम फेरी. कार्तिकी, आर्या, प्रथमेश, मुग्धा, रोहित ही पाच नावं आमच्या पिढीला पाढ्यासारखी पाठ आहेत. भारनियमनाचे दिवस, लाइट कधी जाईल भरवसा नाही, म्हणून आबांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून ओट्यावर आणून ठेवलेली. अर्धी गल्ली आमच्या घरात. आणि मामा कोपऱ्यात बसून मोबाईलवरून मेसेज पाठवतायत, बॅलन्स संपेपर्यंत. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली आणि मामा असे नाचले की जणू त्यांनीच तिला गाणं शिकवलं. मामी मात्र रिचार्जच्या पैशांवरून दोन दिवस बोलल्या नाहीत.

आता गंमत बघा. मामांचा मेसेज मोजला गेला, त्याचे पैसेही कापले गेले. पण आमच्या घरात तीस-चाळीस माणसं तो कार्यक्रम बघत होती, हे मात्र कुठेच मोजलं गेलं नाही. स्पर्धकाचं भवितव्य ठरवायला आम्ही चालत होतो. कार्यक्रमाचं भवितव्य ठरवायला नाही.

हे असं का, ते सांगतो.

आपल्याकडे टीव्हीचं रेटिंग सुरू झालं १९८६ च्या सुमारास, तेही डायरीवर. आयएमआरबी ही बाजार संशोधन करणारी कंपनी मोठ्या शहरांतल्या निवडक घरांत डायरी द्यायची आणि घरातल्यांनी काय पाहिलं ते लिहून ठेवायचं. तेव्हा दूरदर्शन एकटंच होतं, त्यामुळे भांडण फारसं नव्हतं. पुढे १९९२ मध्ये झी आलं, १९९५ मध्ये सोनू निगमनं 'सारेगम' सुरू केलं, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी डायरीच्या जागी पीपलमीटर आलं. म्हणजे टीव्हीला जोडलेला एक डबा. घरातल्या प्रत्येकाचं त्यावर वेगळं बटण. बघायला बसलात की आपलं बटण दाबायचं, उठलात की पुन्हा दाबायचं.

३ जुलै २००० ला 'कौन बनेगा करोडपती' आलं आणि स्टार प्लसचं नशीबच पालटलं. त्यानंतर प्रत्येक वाहिनीला कळलं की एक स्पर्धा अख्ख्या वाहिनीला वर ओढू शकते. पण ती वर गेली हे सांगणारे डबे किती? टॅम या संस्थेचे डबे देशभरात आठ हजारांच्या आसपास होते आणि ते प्रामुख्यानं एक लाखावर लोकसंख्येच्या शहरांत. पुढे काही लहान शहरं घेतली, पण खेडं नाही ते नाहीच.

आता आपला जिल्हा घ्या. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. २००१ च्या जनगणनेत नंदुरबार शहरसुद्धा लाखाच्या आत होतं. २०११ मध्ये ते १,११,०३७ झालं. शहादा साठ हजारांच्या घरात. जिल्ह्याची लोकसंख्या साधारण साडेसोळा लाख आणि त्यातली सहापैकी पाच माणसं खेड्यात. म्हणजे अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, धडगाव सोडाच, जिल्ह्याचं गावच बराच काळ त्या लाखाच्या रेषेखाली होतं. जाहिरातदाराला मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक हवं होतं आणि डबे तिथेच होते. एक गैरसमज मात्र काढून टाका. टीआरपी म्हणजे लोकांना काय आवडतं याची मोजणी, असं आपण धरून चालतो. खरं तर ज्यांना काही विकायचंय त्यांची ती मोजणी. तिचे पैसे वाहिन्या, जाहिरातदार आणि एजन्सीच देतात.

एसएमएसचं गणित मात्र उलटं. तिथे गाव कुठलंही चालतं, फक्त बॅलन्स हवा. २००७ मध्ये शाहरुख खानच्या 'केबीसी'त प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' नावाची स्पर्धा होती. एका मेसेजला २ रुपये ४० पैसे. प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे गेलं तेव्हा हिशेब मांडला गेला की सुमारे ५ कोटी ८० लाख मेसेज आले, म्हणजे जवळपास १३ कोटी ९२ लाख रुपये. आयोगानं २००८ मध्ये स्टार आणि एअरटेलला एक कोटीचा दंड केला. पुढे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. बक्षिसाची रक्कम मेसेजच्याच पैशातून दिली याला पुरावा नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. कायद्याचं सोडा, मला आकडाच महत्त्वाचा वाटतो. पावणेसहा कोटी मेसेज काय फक्त डबे असलेल्या शहरांतून आले असतील?

आणि सातपुड्यात तर तिसरीच तऱ्हा. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची फुकट डिश आली. एकदा छत्री घेतली की महिन्याचं भाडं नाही. केबलवाला जिथे कधीच चढला नसता त्या पाड्यांवरही चित्र दिसायला लागलं. पण मोबाईलला रेंज नाही. म्हणजे धडगावच्या डोंगरातला माणूस ना मेसेजमध्ये, ना डब्यात.

हे बदललं २०१५ मध्ये. त्याआधी बरीच भांडणं झाली. मुंबईत २००१ मध्येच डबे असलेल्या घरांची यादी फुटली होती. २०१२ मध्ये एनडीटीव्हीनं थेट न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. जानेवारी २०१४ मध्ये सरकारनं नियम केले की किमान २०,००० घरं हवीत आणि पुढे वाढवत ५०,००० पर्यंत न्यावीत. मग बार्क आली. एप्रिल २०१५ पासून तिचे आकडे येऊ लागले आणि त्याच ऑक्टोबरात पहिल्यांदा ग्रामीण भारत मोजला गेला. हिंदीत तर उलथापालथच झाली. फुकट डिशवर जुन्या मालिका दाखवणारी झी अनमोल एकदम वर. मराठीत पुढच्या दीड-दोन वर्षांत 'तुझ्यात जीव रंगला' आणि 'लागिरं झालं जी' आल्या. योगायोग म्हणा हवं तर, मी म्हणत नाही. पण टीव्हीवर आलेलं खेडं कोल्हापूर-साताऱ्याचं. अहिराणी, भिली, पावरी यांच्या वाट्याला फार तर विनोदी स्किटमधला एखादा नोकर. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच बाजारपेठ धरतात, त्यात नंदुरबार वेगळं दिसतच नाही.

बरं, डबे वाढले म्हणजे किती? २०२० च्या सुमारास देशात २१ कोटी टीव्हीची घरं आणि डबे ४४,०००. भागाकार करा, साधारण ४८०० घरांमागे एक. समसमान वाटले (तसे वाटत नाहीत) तर शहाद्याला दोन-तीन येतील. काका, तुमच्या गल्लीत कोणी का आलं नाही ते आता लक्षात आलं असेल. आणि तेवढ्या घरांचं गुरुवारी आलेलं गणित बघून ठरतं की जज बदलायचा, वेळ हलवायची, बाहेर गेलेल्या स्पर्धकाला वाइल्ड कार्डनं परत आणायचं की महाअंतिम सोहळा लवकर उरकायचा. आकडा पडला की कार्यक्रम दारोदार फिरतो. 'केबीसी' २०१० मध्ये स्टारकडून सोनीकडे गेलं. मराठी करोडपती २०१३ मध्ये ईटीव्ही मराठीवर सचिन खेडेकरांसोबत आला आणि २०१९ मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळेंसोबत.

आकडा चढला तरी शाश्वती नाही बरं का. 'बिग बॉस मराठी'चं पाचवं पर्व आठवा. रितेश देशमुख, घरोघर चर्चा, विक्रमी रेटिंगच्या जाहिराती. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण जिंकला, आणि या वेळी मेसेज नव्हते, मतं ॲपवर. आधीची पर्वं शंभर दिवसांच्या आसपास चाललेली. हे सत्तर दिवसांत गुंडाळलं. शेवटचा भाग ६ ऑक्टोबर २०२४ ला. त्याच दिवशी त्याच कंपनीच्या हिंदी वाहिनीवर 'बिग बॉस'चं अठरावं पर्व सुरू झालं. म्हणजे कधीकधी मराठी आकड्याच्या वर हिंदी वेळापत्रक असतं, असं मला तरी दिसतं.

मामा आता फोनवरच बघतात. ॲपला सगळं कळतं, कुठे थांबवलं, कुठे पुढे ढकललं, तेसुद्धा. परवा मी त्यांना म्हटलं, मामा, आता तुम्ही मोजले जाताय. म्हणाले, "मेसेजचे पैसे तर वाचले!"

तुमच्यापैकी कोणाच्या घरी तो डबा असेल, तर कृपा करून मला कळवू नका, ते गुपित ठेवायचं असतं. २००९ मध्ये कोणासाठी किती मेसेज पाठवले ते मात्र नक्की कळवा. पुढच्या भागात जळगाव आकाशवाणी.