शिकवायला निघण्याआधी



उकव्याच्या आमच्या लहानशा मंडळीतील एक मुलगी सध्या परदेशी जाण्याच्या तयारीत आहे. लहान मुलांना इंग्रजी शिकवायचे काम आहे. पासपोर्ट झाला, पदवीच्या कागदांवर शिक्के झाले, पोलिसांचा दाखला आला, शिकवण्याचा ऑनलाइन कोर्सही संपत आला. गेल्या रविवारी उपासना आटोपल्यावर ती आमच्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, माझं इंग्रजी उकव्याचं. तिथली मुलं हसली तर?"

संडे स्कूलमध्ये तिला अक्षरे गिरवायला लावणारे आम्हीच. "हसणार नाहीत गं," असे म्हणून तिची समजूत घालता आली असती. पण तिने खरा प्रश्न विचारला होता. घरी मराठी, बाजारात हिंदी, शेजारच्या गोंड घरात गोंडी, मॅंगनीजच्या खाणीवर या सगळ्यांची सरमिसळ, अशा गावात ती वाढली. इंग्रजी तिला पुस्तकातून मिळाली. अशा माणसाने परक्या देशातल्या मुलांसमोर उभे राहावे का? उत्तर शोधताना आम्हांला आठवले ते लोक, जे उलट्या दिशेने आले होते. आपल्या मुलांना शिकवण्यासाठी समुद्र ओलांडून आलेले हे लोक निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर कशी तयारी करीत होते?

पहिले नाव जॉन विल्सन यांचे. स्कॉटलंडमधील लॉडर गावी १८०४ साली त्यांचा जन्म झाला. हिंदुस्थानात जायचे ठरल्यावर त्यांनी एडिंबरो येथे शरीरशास्त्र व शस्त्रक्रियेचेही शिक्षण घेतले. परमुलखात केवळ धर्मशास्त्र पुरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. १८२८ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली, त्याच वर्षी मार्गारेट बेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये दोघे मुंबईस उतरली. सुएझचा कालवा १८६९ चा. तेव्हा जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचे आणि त्याला महिनेच्या महिने लागायचे.

मुंबईत उतरल्यावर विल्सन यांनी लगेच शाळा काढली नाही. ते कोकणात, बाणकोट आणि हर्णे येथे गेले आणि मराठी शिकायला बसले. वर्ष पुरे होण्याआधी ते मराठीत उपदेश करू लागले. मार्गारेटबाईंनीही मराठी शिकून मुलींच्या शाळा सुरू केल्या. विल्सन यांची इंग्रजी शाळा १८३२ सालची. आज मुंबईत जे विल्सन कॉलेज आहे त्याचे मूळ तेथे आहे. म्हणजे इंग्रजी शिकवण्याआधी तीन वर्षे मराठीची गेली. मार्गारेटबाई १८३५ मध्ये मुंबईतच वारल्या. परत जाणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

दुसरे नाव सिंथिया फरार यांचे. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या या बाई १८२७ च्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशनबरोबर मुंबईस आल्या. लग्न न झालेली एकटी बाई इतक्या दूर पाठवावी की नाही, हाच त्या काळी मोठा प्रश्न होता. त्याही आधी मराठी शिकल्या, मग मुलींना शिकवू लागल्या. पुढे त्यांनी अहमदनगरला काम केले. त्यांच्या तेथील शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे आपण जाणतोच. १८६२ मध्ये बाईंनी नगरलाच देह ठेवला. आपण लावलेल्या रोपाचा वृक्ष दुसऱ्याच्या अंगणात वाढणार आहे, हे निघताना त्यांना कोठे ठाऊक होते!

तिसरे नाव आमच्या भागाच्या जवळचे, स्टीफन हिस्लॉप यांचे. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने पाठवलेले हे सत्तावीस वर्षांचे पाळक १८४४ च्या डिसेंबरात मुंबईस आले आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपूरला पोहोचले. तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. वर्षभर मराठीचा अभ्यास आणि १८४६ च्या मे महिन्यात शाळा, हाच क्रम तेथेही दिसतो. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचेच नाव आहे.

हिस्लॉप वर्गात शिकवत, पण वर्गाबाहेर त्यांचे स्वतःचे शिकणे थांबले नाही. नागपूरच्या आसपासचे दगड आणि त्यांतले जीवाश्म त्यांनी गोळा केले. गोंड लोकांपाशी बसून त्यांची भाषा, त्यांचे शब्द आणि लिंगोची कथा सांगणारे त्यांचे गीत टिपून घेतले. ज्या भाषेला शाळेत जागा नव्हती, तिच्यासमोर हा शिक्षक विद्यार्थी म्हणून बसला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, पूर आलेला ओढा घोड्यावरून ओलांडताना ते बुडाले. त्यांचे टिपण रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून प्रसिद्ध केले. आमच्या मंडळीतील गोंड बांधवांना हे सांगितले तेव्हा एक आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेबाने आमचं ऐकलं होतं तर."

प्रियहो, ही गोष्ट सांगताना आपण फक्त गोडच सांगू नये. त्या शाळांचा हेतू नुसता इंग्रजी शिकवण्याचा नव्हता, आणि आईबाप मुलांना पाठवत ते बहुधा नोकरीच्या आशेने. दोघांचे हेतू वेगळे असले की कधीतरी ठिणगी पडतेच. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मुंबईत मोठी खळबळ उडाली, प्रकरण कोर्टात गेले आणि बहुतेक मुले शाळा सोडून गेली. त्या तरुणांची श्रद्धा खरी होती, यात आम्हांला शंका नाही. पण ज्या आईबापांनी विश्वासाने मूल स्वाधीन केले होते त्यांचे दुःखही खरे होते. परक्याचे मूल आपल्या वर्गात बसते तेव्हा ते आपल्याकडे ठेव म्हणून असते. ज्या कामासाठी बोलावले ते काम चोख करावे, कागदावर एक आणि मनात दुसरे असे ठेवू नये. आपली साक्ष आपल्या वागण्यातून जायची ती जाईलच.

मग आमच्या मुलीला आम्ही काय सांगितले? प्रभू येशू बारा वर्षांचा असताना मंदिरात सापडला, तो कसा होता ते आठव, असे म्हटले. गुरुजनांच्या मध्ये बसून तो ऐकत होता आणि प्रश्न विचारीत होता. ज्याला सगळे जग गुरू म्हणणार होते, त्याने आधी ऐकले. आणि पेंटेकॉस्टच्या दिवशी काय घडले? पवित्र आत्म्याने सगळ्यांना एकच भाषा शिकवली नाही. प्रत्येकाला आपापल्या बोलीत देवाची महत्कृत्ये ऐकू आली. म्हणून कोणतीही भाषा हलकी नाही, आणि इंग्रजीही काही स्वर्गाची भाषा नव्हे.

तेव्हा बाळे, तुझ्या बॅगेत इंग्रजीच्या पुस्तकांबरोबर त्या देशाच्या भाषेची एक कोरी वही ठेव. पहिल्या दिवशी मुलांना सांग की मी तुम्हांला इंग्रजी शिकवीन, तुम्ही मला तुमची भाषा शिकवा. तू त्यांचे शब्द चुकीचे उच्चारशील आणि ती हसतील. हसू दे. एकदा ती तुझ्या चुकांवर हसली, की इंग्रजी बोलताना स्वतःच्या चुकांची भीती त्यांना उरणार नाही. पुस्तकातून, घाबरत, चुकत इंग्रजी शिकलेली शिक्षिका त्या मुलांची अडचण जितकी ओळखेल, तितकी जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला ओळखता येईलच असे नाही. तुझे उकव्याचे इंग्रजी हीच तुझी तयारी आहे.

आणि घरी फोन करशील तेव्हा आईशी मराठीतच बोल.

येत्या रविवारी उपासनेनंतर आपण तिच्यासाठी प्रार्थना करणार आहोत. तिच्या प्रवासासाठी, ज्या मुलांची नावेही अजून आपल्याला माहीत नाहीत त्यांच्यासाठी, आणि तिच्या मागे घरात राहणाऱ्या आईसाठी. सर्वांनी अगत्याने थांबावे.

प्रभूची कृपा आपणा सर्वांबरोबर असो. आमेन.