गुणांचा तराजू

मुलींना शिकवावे की नाही, हा वाद एकोणिसाव्या शतकात जगभर गाजला. त्याचा इतिहास आपल्या परिचयाचा आहे. परंतु या वादाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला होता आणि त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. मुलींना शिकवायचे एकदा ठरले, म्हणजे त्यांची विद्या कोणत्या मापाने मोजायची? मुलांच्याच मापाने, की दयाबुद्धीने थोड्या सैल केलेल्या मापाने? अमेरिकेतील निवडक खाजगी कन्याशाळांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाची दिलेली, बदललेली आणि पुन्हा शोधावी लागलेली उत्तरे होत. त्यांपैकी एका शाळेची कथा आम्ही येथे थोड्या विस्ताराने सांगणार आहोत.

त्या काळच्या सधन अमेरिकन कुटुंबांतील मुली शाळेत जात नव्हत्या असे नाही. त्या फ्रेंच बोलायला, पियानो वाजवायला, चित्रे काढायला आणि चारचौघांत शोभेल असे वागायला शिकत. लॅटिन व्याकरण किंवा भूमिती यांचा त्यांना स्पर्श झालाच तर वरवरचा होई. १८६५ साली व्हासर महाविद्यालय उघडले, तेव्हा पहिल्याच वर्षी ३५३ मुली आल्या. पण त्यांतील कित्येकींची तयारी महाविद्यालयीन अभ्यासाला पुरेशी नव्हती. व्हासरला स्वतःचा पूर्वतयारी विभाग चालवावा लागला आणि तो १८८८ पर्यंत चालू राहिला. याउलट १८७५ मध्ये सुरू झालेल्या स्मिथ महाविद्यालयाने पुरुषांच्या महाविद्यालयांइतकीच कडक प्रवेशाची अट घातली आणि पूर्वतयारी विभाग ठेवलाच नाही. परिणाम असा झाला, की पहिल्या वर्षी तेथे अवघ्या १४ विद्यार्थिनी होत्या. मुलींच्या बुद्धीत उणेपणा नव्हता. त्यांना तयार करणाऱ्या शाळांची वाण होती, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते.

त्यात भर म्हणून १८७३ साली बॉस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी एक पुस्तक लिहून असा सिद्धान्त मांडला, की मुलांसारखा कठोर अभ्यास केल्यास मुलींचे शरीर, विशेषतः मातृत्वाची शक्ती, खालावते. या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. महाविद्यालयीन पदवीधर स्त्रियांच्या संघटनेने ७०५ पदवीधर स्त्रियांच्या प्रकृतीची माहिती गोळा केली आणि शिक्षणाने त्यांच्या आरोग्याची हानी झालेली नाही, असे आकडेवारीनिशी दाखवून दिले; पण तोवर १८८५ साल उजाडले होते. मधल्या बारा वर्षांत किती मुलींच्या पालकांनी त्या डॉक्टरांच्या शब्दावर भरवसा ठेवून शाळेचे दार बंद केले असेल, याची गणती कोण करणार?

याच काळात बाल्टिमोर शहरात मार्था कॅरी थॉमस नावाची तरुणी वाढत होती. कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन ती १८७७ मध्ये आपल्याच शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पुढील अभ्यासासाठी गेली. तिला प्रवेश तर मिळाला. परंतु पुरुषांबरोबर चर्चावर्गात बसण्यास मनाई झाली. वर्षभराने ती बाहेर पडली आणि युरोपला गेली. लाइपझिगला तिने शिक्षण घेतले, पण तेथे स्त्रीला डॉक्टरेट मिळत नव्हती. अखेर १८८२ साली झुरिक विद्यापीठाने तिला सर्वोच्च श्रेणीत ती पदवी दिली. पुढे फिलाडेल्फियाजवळ नव्याने स्थापन होत असलेल्या ब्रिन मॉर महाविद्यालयाची ती डीन झाली आणि १८९४ मध्ये अध्यक्ष. १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशींना वैद्यकीय पदवी मिळाली ती याच फिलाडेल्फियात, हे वाचकांना आठवत असेलच.

थॉमस, मेरी गॅरेट, मेमी ग्विन, एलिझाबेथ किंग आणि ज्युलिया रॉजर्स या पाच मैत्रिणींनी १८८५ साली बाल्टिमोरमध्ये मुलींसाठी शाळा काढली आणि महाविद्यालयाच्याच नावावरून तिचे नाव ब्रिन मॉर स्कूल ठेवले. मेरी गॅरेट ही एका बड्या रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाची कन्या. शाळेच्या इमारतीसाठी तिने सढळ हाताने पैसा ओतला. परंतु शाळेचे खरे वैशिष्ट्य इमारतीत नव्हते, तर एका नियमात होते. ब्रिन मॉर महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय या शाळेचे अंतिम प्रमाणपत्र कोणत्याही मुलीला मिळत नसे. मुलगी पुढे महाविद्यालयात जाणार असो वा नसो, वडील शहरातील प्रतिष्ठित सावकार असोत वा विश्वस्तांचे स्नेही असोत, नियमाला अपवाद नव्हता.

या नियमाचे मर्म नीट पाहिले पाहिजे. खाजगी शाळा पालकांच्या शुल्कावर चालते. जो शुल्क देतो त्याच्या मुलीला नापास करणे शाळेला जड जाते. शिक्षिका कितीही प्रामाणिक असली, तरी माया आणि भीड या दोन गोष्टी तिच्या लेखणीला धरून बसतात. या पाच जणींनी तराजू शाळेच्या हातातून काढून घेतला आणि बाहेरच्या परीक्षकाच्या हाती दिला. शिकवणारी एक आणि मोजणारा दुसरा, अशी ही व्यवस्था होती. त्यामुळे उत्तीर्ण झालेल्या मुलीच्या यशाला कोणी उपकार म्हणू शकत नव्हते.

१८९६ पासून १९२२ पर्यंत ही शाळा ईडिथ हॅमिल्टन यांनी चालवली. त्या स्वतः कनेक्टिकटमधील मिस पोर्टर्स स्कूल या नामांकित शाळेत शिकल्या होत्या. तेथील शिक्षण ब्रिन मॉरच्या प्रवेशपरीक्षेला पुरे पडण्यासारखे नव्हते. त्यासाठी त्यांना घरी वेगळा अभ्यास करावा लागला. सैल मापाची किंमत शेवटी विद्यार्थिनीलाच मोजावी लागते, हा धडा त्यांनी अनुभवाने घेतला होता. निवृत्तीनंतर, १९३० साली, त्यांचे ‘द ग्रीक वे’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९५७ मध्ये अथेन्स शहराने त्यांना मानद नागरिकत्व बहाल केले.

मेरी गॅरेट यांनी हेच तत्त्व आणखी एका ठिकाणी लागू केले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला वैद्यकीय शाळा काढायची होती आणि निधी अपुरा होता. गॅरेट यांनी तीन लाख डॉलरांहून अधिक रक्कम देऊ केली. अट अशी, की स्त्रियांना पुरुषांच्याच अटींवर प्रवेश मिळावा आणि त्या अटीही उंच असाव्यात. येणाऱ्या प्रत्येकाजवळ आधी पदवी हवी, विज्ञानाची तयारी हवी, फ्रेंच व जर्मन वाचता यायला हवे. या प्रयत्नाला बाल्टिमोरचे आर्चबिशप कार्डिनल जेम्स गिबन्स यांनीही पाठिंबा दिला आणि स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या बाजूने १८९१ मध्ये ‘सेंच्युरी’ मासिकात लिहिले. १८९३ साली शाळा उघडली, तेव्हा पहिल्या वर्गातील १८ जणांत तीन स्त्रिया होत्या.

इथवरची कथा उजळ आहे. तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे मात्र इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल. फिलाडेल्फियाच्या मुलींच्या सरकारी हायस्कूलमधून जेसी फॉसेट ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी १९०० साली उत्तम यश मिळवून बाहेर पडली. अशा मुलीला ब्रिन मॉरचे दार उघडायला हवे होते. परंतु कॅरी थॉमस यांनी तिला आपल्या महाविद्यालयात न घेता कॉर्नेलकडे वळवले. तेथून ती १९०५ मध्ये पदवीधर झाली आणि पुढे नामवंत कादंबरीकार व संपादक म्हणून ओळखली गेली. ब्रिन मॉरची पहिली कृष्णवर्णीय पदवीधर एनिड कुक. तिला पदवी मिळाली १९३१ साली आणि तिलाही महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहू दिले नव्हते. ज्या स्त्रीला चर्चावर्गाच्या दाराबाहेर थांबवले होते, तिनेच दुसरीला दाराबाहेर थांबवावे, याहून मोठी शोकांतिका ती कोणती? २०१८ साली त्या महाविद्यालयाने आपल्या जुन्या ग्रंथालयाला थॉमस यांचे नाव घेऊन संबोधणे थांबवले. परीक्षा कितीही कठोर आणि निःपक्षपाती असली, तरी परीक्षेला कोणी बसावे आणि उत्तीर्ण झाल्यावर कोणाला आत घ्यावे हे ठरवणारे मन निःपक्षपाती नसेल, तर न्याय अर्ध्यावरच थांबतो.

पुढे बाहेरच्या मापाची कल्पना देशभर पसरली. १९०० मध्ये महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा मंडळ स्थापन झाले. त्याच्या संस्थापकांत ब्रिन मॉर, बर्नार्ड आणि व्हासर ही स्त्रियांची महाविद्यालये होती. जून १९०१ मध्ये त्याच्या पहिल्या परीक्षेला ९७३ विद्यार्थी बसले. तत्पूर्वी १८९७ साली माउंट होल्योक या स्त्रियांच्याच महाविद्यालयाने गुणांऐवजी अक्षरश्रेणी वापरायला आरंभ केला होता. ९५ ते १०० गुणांना ‘ए’ आणि ७५ च्या खाली आले की ‘ई’, म्हणजे अनुत्तीर्ण. आज ७४ टक्क्यांना नापास म्हणणारी शाळा कोणत्या पालकाला रुचेल?

याच्या शेजारी दुसरी एक पद्धत चालू होती. १८७१ पासून मिशिगन विद्यापीठाने मान्यताप्राप्त शाळांच्या प्रमाणपत्रावर परीक्षेविना प्रवेश द्यायला सुरुवात केली होती आणि स्त्रियांच्या काही महाविद्यालयांनीही प्रमाणपत्रे स्वीकारली. ब्रिन मॉर परीक्षेवर ठाम राहिले. व्हासर, वेलस्ली, स्मिथ आणि माउंट होल्योक यांनीही पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्रमाणपत्राची वाट सोडून परीक्षेकडे वळण्याचे ठरवले. या दोन पद्धतींतील ओढाताण वस्तुतः कधी संपलीच नाही. एकीत शाळेच्या शब्दावर विश्वास आहे, दुसरीत त्या शब्दाची पडताळणी.

ही ओढाताण आजही दिसते. वेलस्लीने २००४ साली नियम केला, की प्रारंभीच्या व मधल्या पातळीवरील वर्गांची सरासरी श्रेणी ‘बी प्लस’च्या वर जाऊ नये; कारण श्रेणी फुगत चालल्या होत्या. त्याच महाविद्यालयातील अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये परिणाम मांडले. फुगवटा कमी झाला, पण ज्या विभागांना नियमाची झळ बसली त्यांच्याकडे येणाऱ्या विद्यार्थिनी घटल्या आणि विद्यार्थिनींनी त्या प्राध्यापकांचे मूल्यमापनही खाली आणले. एकट्याने कठोर होणाऱ्याला किंमत द्यावी लागते, ती अशी.

२०१८ साली वॉशिंग्टन परिसरातील आठ खाजगी शाळांनी, त्यांत होल्टन-आर्म्स आणि नॅशनल कॅथीड्रल स्कूल या दोन कन्याशाळा होत्या, मंडळाचे ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ अभ्यासक्रम २०२२ पर्यंत बंद करण्याची घोषणा केली. परीक्षेच्या धावपळीने सखोल अभ्यास मागे पडतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु नावलौकिक असलेल्या शाळेला बाहेरच्या मापाशिवाय चालते. तिचे नावच प्रवेश अधिकाऱ्याला पुरेसे बोलते. ज्या मुलीच्या शाळेचे नाव कोणी ऐकलेले नाही, तिने काय करावे? महामारीच्या काळात, २०२० नंतर, अनेक महाविद्यालयांनी प्रवेशपरीक्षा ऐच्छिक केली. डार्टमथने ती २०२४ मध्ये पुन्हा आवश्यक ठरवली, तेव्हा एक कारण हेच दिले, की अल्प साधनांच्या घरांतील हुशार विद्यार्थी परीक्षेच्या गुणांमुळे नजरेत येतात.

आम्हांस वाटते, १८८५ सालच्या त्या नियमाचा खरा अर्थ इथे उलगडतो. त्यांचे कठोर माप मुलींना बाहेर ठेवण्यासाठी नव्हते. त्यांच्या योग्यतेविषयी कोणाला शंका घेण्यास जागा राहू नये, म्हणून होते. कठोर परीक्षा दुर्बलाच्या हातातील शस्त्र होऊ शकते, कारण तिचा निकाल कोणाच्या ओळखीवर अवलंबून नसतो. तीच परीक्षा प्रतिष्ठितांच्या दारावरचा पहारेकरीही होऊ शकते, हे जेसी फॉसेटच्या कथेवरून दिसते. तेव्हा कोणत्याही शाळेच्या गुणपत्रिकेकडे पाहताना दोनच गोष्टी विचाराव्यात. हा तराजू कोणाच्या हाती आहे? आणि त्यात तोलले जाण्याचा अधिकार कोणाकोणाला मिळाला आहे?