टिफ्रॅकचा स्मृतिकोश : एका निवडीचा इतिहास

गणकयंत्रांच्या इतिहासात गणनवेगाची चर्चा विपुल होते. स्मृतीची तितकीशी होत नाही. वस्तुतः 1950 नंतरच्या दशकात यंत्रे अडत असत ती बहुधा स्मृतीपायीच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेल्या टिफ्रॅक या यंत्राचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

प्रा. आर. नरसिंहन् 1954 मध्ये संस्थेत दाखल झाले. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली यंत्ररचनेचे काम सुरू झाले, तेव्हा स्मृतीचे मुख्यतः तीन मार्ग समोर होते. फिरते चुंबकीय पिंप खात्रीचे खरे. परंतु हवा तो शब्द फिरून समोर येईपर्यंत यंत्राला स्वस्थ बसावे लागे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने 1955 मध्ये विलायतेहून आणलेले एच.ई.सी.-2एम हे यंत्र पिंपावरच चाले. दुसरा मार्ग विल्यम्स नलिकेचा. तीत शब्द तत्काळ मिळे. पण पडद्यावरील विद्युद्‌भार विरून जात असल्याने तो सतत ताजा करावा लागे. प्रिन्स्टनच्या प्रसिद्ध यंत्राने 1952 मध्ये हाच मार्ग पत्करला होता. तिसरा मार्ग फेराइटच्या सूक्ष्म कड्यांचा. अमेरिकेतील व्हर्लविंड यंत्रात त्या 1953 मध्ये बसविल्या गेल्या. म्हणजे मुंबईत विचार चालू असताना हे तंत्र जेमतेम बाल्यावस्थेत होते.

प्रत्येक कडीत एकच द्विमान अंक राहतो; चुंबकनाची दिशा हीच त्याची खूण. उभ्या व आडव्या तारांतून अर्धा अर्धा प्रवाह सोडला म्हणजे त्यांच्या छेदावरील कडी तेवढी उलटते, शेजारच्या अविचल राहतात. वाचताना मात्र नोंद पुसली जाते व ती लगेच पुन्हा लिहावी लागते. वीज गेली तरी कडीतील नोंद टिकते, हा लाभ लहान नव्हे.

संस्थेने कड्याच निवडल्या. 1956 मध्ये आरेखन पारखण्यासाठी प्रायोगिक यंत्र सिद्ध झाले. पूर्ण यंत्र 1959 च्या आरंभी उभे राहिले आणि फेब्रुवारी 1960 मध्ये कार्यान्वित झाले. 40 अंकांचे 2,048 शब्द, अर्थात 81,920 अंक, एवढी त्याची स्मृती होती. पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण 1962 मध्ये केले.

तथापि त्याच यंत्रात सुमारे 2,700 निर्वात नलिका होत्या, आणि तोवर पाश्चात्य देशांत ट्रान्झिस्टरची यंत्रे बाजारात आली होती. टिफ्रॅक जन्मतःच जुने ठरले, असा अभिप्राय यावरूनच पडला. तो अर्धाच खरा मानावा लागेल. यंत्राची मंडले एका पिढीची होती, स्मृती पुढच्या पिढीची; दोहोंचे आयुर्मान सारखे नव्हते. ट्रान्झिस्टर स्थिरावण्याची वाट पाहिली असती, तर यंत्र आणखी काही वर्षे लांबले असते आणि ते उभारताना घडलेली तरुण अभियंत्यांची पिढीही. हा हिशेब कोष्टकात मांडता येत नाही, म्हणून टीकाकारांकडून तो सहसा निसटतो.

1964 मध्ये संस्थेत सी.डी.सी. 3600 हे परदेशी यंत्र आले. त्याची मंडले ट्रान्झिस्टरची होती, स्मृती 48 अंकांच्या 32,768 शब्दांची, म्हणजे टिफ्रॅकच्या एकोणीसपट. ती मात्र फेराइटच्या कड्यांचीच होती. कड्यांना खरा प्रतिस्पर्धी मिळाला तो 1970 मध्ये, इंटेलची 1,024 अंकांची अर्धवाहक चकती विक्रीस आली तेव्हा.