खंदकांतील हास्य आणि घरांतील पडदा

युद्धाची थट्टा करावी कीं करूं नये, हा प्रश्न निघाला म्हणजे सुशिक्षित माणसें बहुधा दोन तट करून बसतात. एक पक्ष म्हणतो, जेथें माणसें मरतात तेथें हांसणें हा निर्दयपणा होय. दुसरा म्हणतो, जेथें मरण इतकें स्वस्त झालें तेथें हास्याखेरीज माणसाजवळ उरतें काय? या वादाचा निवाडा केवळ तर्कानें होण्यासारखा नाहीं; तो एखाद्या कृतीवरूनच करावा लागतो. अशी एक कृति शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून आज आमच्या घरांत येऊन बसली असल्यामुळें तिचा इतिहास सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती कृति म्हणजे चार्ली चॅप्लिनचा ‘शोल्डर आर्म्स’ हा मूकपट. नांवाचा अर्थ कवाइतीच्या हुकुमाप्रमाणें ‘बंदुका खांद्यावर’ इतकाच आहे.

सन १९१८ मध्यें हा चित्रपट तयार होत होता तेव्हां युरोपांतील महायुद्धास चार वर्षें होत आलीं होतीं. चॅप्लिन जन्मानें इंग्रज. लढण्याच्या वयाचा असूनही तो अमेरिकेंत चित्रें काढीत बसला आहे, असा आक्षेप त्याच्यावर येत होता. त्याच वर्षीं युद्धकर्जाचे रोखे खपविण्यासाठीं त्यानें अमेरिकेंत दौरा केला होता, तरी बोलणाऱ्यांचीं तोंडें बंद झालीं नव्हतीं. अशा वेळीं सैनिकाच्या जिण्यावर विनोद करण्याचा बेत ऐकून स्नेह्यांनीं त्याला सावध केलें. त्यानें तो बेत सोडला नाहीं. २० ऑक्टोबर १९१८ रोजीं चित्र प्रसिद्ध झालें आणि त्यानंतर बाविसाव्या दिवशीं, ११ नोव्हेंबरला, तोफा थंडावल्या. ज्यांची थट्टा झाली असें वाटावें ते रणांगणावरून परतलेले शिपाईच या चित्राचे मोठे चाहते ठरले.

याचें कारण चित्र पाहतांच ध्यानांत येतें. यांतील शिपायाला कवाइतींत पावलें नीट टाकतां येत नाहींत. खंदकांतील निजण्याच्या जागेंत पाणी भरतें तेव्हां तो ग्रामोफोनचा कर्णा तोंडाशीं धरून पाण्याखालून श्वास घेतो. बाटली फोडावयाची झाली कीं तो ती खंदकाच्या कडेवर धरतो आणि शत्रूची गोळी तें काम करून देते. टपाल येतें, सर्वांना पत्रें, याला कांहींच नाहीं. मग तो दुसऱ्या शिपायाच्या खांद्यावरून त्याचें पत्र वाचूं लागतो आणि त्या परक्या मजकुराचीं सुखदुःखें स्वतःच्या चेहऱ्यावर उमटवितो. पुढें झाडाच्या बुंध्याचें सोंग घेऊन तो शत्रूच्या गोटांत शिरतो, प्रत्यक्ष कैसरला पकडतो, आणि जागा होतो. सारा पराक्रम स्वप्नांतला! येथें थट्टा आहे ती शौर्याच्या बडेजावाची. चिखल, भूक आणि घरची ओढ यांची नव्हे.

आम्हां मराठी वाचकांना हें परक्याचें दुःख वाटण्याचें कारण नाहीं. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियांतील कूत येथें जें सैन्य वेढ्यांत सांपडलें, त्यांत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. उपासमारीनें शरण जावें लागलें तेव्हां पुढें तुर्कांच्या कैदेंतील हाल वाट पाहतच होते. घरच्या पत्राची वाट पाहणें म्हणजे काय, हें त्या शिपायांना कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. आणि मूकपटाला भाषेची अडचण नसते.

आतां हें चित्र घरांत कसें आलें तें पाहूं. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत चित्रपट शिरला तो फार पूर्वीं. सन १९२२ मध्यें फ्रान्सच्या पाथे कंपनीनें साडेनऊ मिलिमीटरची फीत काढली, १९२३ मध्यें कोडॅकनें सोळा मिलिमीटरची व १९३२ मध्यें आठ मिलिमीटरची. परंतु सामान्य कुटुंबाला हें यंत्र परवडलें तें चुंबकीय फितीच्या योगानें. व्हीएचएस पद्धति जपानांत १९७६ सालीं निघाली; आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत दूरदर्शन आलें आणि त्याच्या मागोमाग व्हिडिओ कॅसेटची लाट उसळली. चोरट्या नकला इतक्या झाल्या कीं १९८४ मध्यें स्वामित्वहक्काचा कायदा सुधारावा लागला.

या लाटेंत आमच्या छत्रपति संभाजीनगरचा, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादचा, भाग नुसत्या प्रेक्षकाचा नव्हता. धूत कुटुंबानें जपानच्या तोशिबा कंपनीच्या साह्यानें व्हिडिओकॉनचे रंगीत दूरदर्शनसंच बनविण्यास आरंभ केला तो याच दशकांत, आणि पैठण रस्त्यावरील चितेगांवचा कारखाना मराठवाड्यांतील घराघरांत माहीत झाला. तो उद्योग २०१८ मध्यें दिवाळखोरीच्या कारवाईंत गेला. घरांतल्या पडद्याचें वैभव आणि त्याची अखेर या शहरानें अशी एकाच पिढींत पाहिली.

परंतु आमचा खरा प्रश्न निराळा आहे. कॅसेटवर, तबकडीवर किंवा आतां तारेवाटे घरांत येणारें हें चित्र १९१८ चेंच आहे काय? मूकपटाच्या काळीं दोन कॅमेरे शेजारीं ठेवून दोन निगेटिव्ह घेण्याची चाल होती. त्यामुळें मूळ प्रतींतच फरक पडे. पुढें १९५९ मध्यें चॅप्लिननें हें चित्र आणखी दोन चित्रांबरोबर ‘द चॅप्लिन रेव्ह्यू’ या नांवानें पुन्हां काढलें. तेव्हां त्यानें स्वतः संगीत रचलें, आरंभीं प्रत्यक्ष युद्धाचीं दृश्यें जोडलीं आणि बोलपटाच्या गतीशीं मेळ बसावा म्हणून कांहीं चौकटी दोनदां छापविल्या. त्यामुळें हालचालीला किंचित् अडखळ आली. नायकाच्या संसाराचा जो भाग त्यानें १९१८ मध्येंच गाळला होता, त्यांतील तुकडेही आज पाहावयास मिळतात. मूळ चित्रावरील हक्क कधींच संपल्यामुळें कोणीही त्याची प्रत काढावी. १९५९ च्या संगीतावर मात्र आपल्या कायद्याप्रमाणें रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षें हक्क राहतो, आणि चॅप्लिन वारला तो १९७७ मध्यें. म्हणून स्वस्त प्रतींवर दुसरेंच कांहींतरी संगीत चढविलेलें आढळतें.

चितेगांवाहून तोच रस्ता पुढें पैठणास जातो, आणि पैठणचें नांव निघालें कीं पाठभेदाचा विचार आपोआप मनांत येतो. शके १५०६ मध्यें, म्हणजे सन १५८४ त, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीच्या नाना प्रती मिळवून शुद्ध पाठ सिद्ध केला. नकलकारांच्या हातून ग्रंथ बिघडतो हें त्यांनीं ओळखलें होतें. चित्रपटालाही नकलकार असतात. फरक इतकाच कीं येथें कर्त्यानें स्वतःच एक पाठ बदलला आहे. कांहींजण म्हणतील, कर्त्याचा शेवटचा हात तोच प्रमाण. आम्हांस हें पटत नाहीं. सत्तरीच्या उंबरठ्यावरील चॅप्लिनला दोन महायुद्धें ठाऊक होतीं. एकोणतीस वर्षांच्या चॅप्लिनला पहिल्याचा शेवटही ठाऊक नव्हता. संकट टळलें नसतांना जें हास्य निघालें त्याचें मोल इतिहासाच्या दृष्टीनें अधिक. दोन्ही पाठ राहावेत, परंतु कोणता कोणत्या सालचा हें प्रतीवर स्पष्ट लिहिलेलें असावें.

मूळ पाठ जपणें किती नाजूक काम आहे तें पुण्यानें अनुभविलें आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तेथें १९६४ मध्यें स्थापन झालें. तरीही जानेवारी २००३ च्या आगींत नायट्रेट फितींचा मोठा सांठा जळाला. घरच्या कॅसेटचेंही आयुष्य मोठें नसतें. पावसाळ्यांत त्यांना बुरशी चढते, आणि त्या वाजविण्याच्या यंत्रांचें उत्पादन करणारी अखेरची जपानी कंपनी २०१६ सालीं थांबली. ज्यांच्या कपाटांत अशा फिती पडल्या असतील त्यांनीं त्या रद्दींत टाकण्यापूर्वीं वरील चिठ्ठी वाचावी आणि त्यांतील चित्र अन्यत्र उतरवून घ्यावें. आणि मुलांना ‘शोल्डर आर्म्स’ दाखविण्याचा योग आलाच, तर तें १९१८ सालीं निघालें तेव्हां लढाई संपली नव्हती, एवढें आधीं सांगावें. मग तीं पत्राच्या प्रसंगाला कदाचित् हांसणार नाहींत. आणि तसें झालें तर चित्र त्यांना समजलें असें आम्ही मानूं.