यंत्रशाळेंतील पांढरें पाणी

वऱ्हाडचें नांव निघालें कीं कापूस डोळ्यांपुढें उभा राहतो. त्या कापसामागून लोखंड कसें आलें याची आठवण मात्र क्वचितच होते. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि व्यापाऱ्यांची दृष्टि या प्रांताकडे वळली. १८६७ सालीं नागपूरपर्यंत लोहमार्ग पोंचला. १८७० त खामगांवला व १८७१ त बडनेऱ्याहून अमरावतीला फांटा निघाला. पुढें वाफेवर चालणारे जीन व प्रेस उभे राहिले. यंत्र आलें म्हणजे त्याची झीजहि आलीच. आणि मोडलेला दांडा मुंबईहून परत येईपर्यंत कापसाचा हंगाम थांबत नाहीं. म्हणून लेथ आणि सहाण यांना वऱ्हाडांतहि स्थान मिळालें.

लोखंड कापतांना हत्याराच्या टोकाशीं विलक्षण उष्णता उत्पन्न होते. धार तापून मऊ पडली कीं हत्यार कापावयाचें सोडून नुसतें घासूं लागतें. १८८३ च्या सुमारास अमेरिकेंतील मिडव्हेल पोलाद कारखान्यांत फ्रेडरिक टेलर यानें त्या टोकावर पाण्याची जाड धार सोडून पाहिली. तेव्हां कापण्याचा वेग शेंकडा ३० ते ४० वाढवितां येतो, असें त्यास आढळलें. गंज चढूं नये म्हणून पाण्यांत सोडा घालीत. पुढें साबणासारख्या द्रव्याच्या योगें तेल पाण्यांत मिसळून केलेलें दुधासारखें पांढरें पाणी रूढ झालें. पाण्यानें थंडावा व तेलानें वंगण, अशीं दोन्ही कामें एका धारेनें साधलीं. आणि धार जितकी मोठी तितकें काम चांगलें, अशी समजूत कारागिरांत दृढ झाली.

या समजुतीची किंमत वऱ्हाडासारख्या प्रांतांत विशेष जाणवते. पूर्णेच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. जड पाण्यांतील चुन्याच्या व मॅग्नेशियमच्या क्षारांनीं हें पांढरें पाणी लिंबू पिळलेल्या दुधाप्रमाणें फाटतें. खारेपणानें नव्या घडविलेल्या भागावर गंज चढतो. टाकींत साठून राहिल्यास त्यांत जंतु वाढतात व सुट्टीनंतर यंत्रशाळेंत दुर्गंधि सुटते. शेवटीं तें फेंकावें लागतें. आणि त्यांतील तेल नुसतें ठेवून सहज वेगळें होत नाहीं, म्हणून जेथें तें वाहत जाईल तेथील पाणी नासतें.

याहून गंभीर गोष्ट माणसाच्या देहाची. ज्या लँकेशायरसाठीं वऱ्हाडांत कापसाची धांव सुरू झाली, तेथील सूत कांतणाऱ्या कामगारांच्या अंगावर चात्यांचें खनिज तेल सतत उडे. त्यांच्यापैकीं अनेकांना जांघेच्या भागांत त्वचेचा कर्करोग होतो, हें मँचेस्टरच्या वैद्यांनीं १९२२ सालीं दाखवून दिलें. लेथवर खनिज तेलांत भिजून काम करणाऱ्यांनाहि तोच धोका आहे, असें १९५० सालीं इंग्लंडांतच प्रसिद्ध झालें. पुढें तेलें अधिक शुद्ध करण्यांत आलीं. तरी त्वचेची खाज व तुषारांनीं होणारा श्वासाचा त्रास हे प्रश्न संपले नाहींत.

यावर उपाय निघाला तो प्रथम हत्यारांतून. १९२० नंतरच्या दशकांत जर्मनींत क्रुप कारखान्यानें टंगस्टन कार्बाइडचें हत्यार ‘विडिया’ या नांवानें बाजारांत आणलें. या नांवाचा मूळ अर्थ ‘हिऱ्यासारखें’. तें तांबडें तापलें तरी धार धरतें. फिरत्या दांत्यांच्या कामांत तर धारेचें पाणी त्यास अपायकारकच ठरतें, कारण क्षणांत तापणें व क्षणांत निवणें यांनीं त्यास तडे जातात. बिडाचें लोखंड कोरडेंच कापावें हें जुन्या कारागिरांना ठाऊक होतें. त्यांतील ग्रॅफाइट स्वतःच वंगण होतें. १९९० नंतर जर्मनींत याचा पद्धतशीर अभ्यास झाला. मोटारी बनविणाऱ्या कांहीं कारखान्यांत या द्रवाचा खर्च एकंदर खर्चाच्या शेंकडा ७ ते १७ भरला. हत्यारांचा मात्र २ ते ४. मग मिनिटाला कित्येक लिटरांच्या धारेऐवजीं तासाला ५० मिलिलिटरांच्या आसपास तेल हवेच्या झोतानें नेमकें धारेवर सोडण्याची रीत आली. त्यासाठीं वनस्पतिजन्य तेलें उत्तम, कारण त्यांचे कण धातूला चिकटून राहतात. मात्र सर्वच तेलें सारखीं नव्हेत. जवसाचें तेल हवेंत वाळून चिकट पापुद्रा धरतें. शिवाय हे तुषार शोषून घेण्याची सोय नसेल, तर त्वचा वांचते पण फुप्फुस सांपडतें.

सहाणेवर मात्र हा उपाय सहज लागू पडत नाहीं. लेथवर बरीचशी उष्णता किसाबरोबर निघून जाते. सहाणेचे बोथट कण पुष्कळसे घासतातच, आणि उष्णता कामांत शिरून पोलाद करपतें. तेथें द्रव पाहिजे, पण तो पोंचला पाहिजे. वेगानें फिरणाऱ्या चाकाभोंवतीं हवेचा पडदा असतो. मंद धार त्यावर आपटून बाजूला उडते. धारेचा वेग चाकाच्या कडेच्या वेगाइतका ठेवला व तोंड नेमकें रोखलें, म्हणजे थोडक्या द्रवांत काम भागतें.

वरूड-मोर्शीकडील संत्र्यांच्या बागाइतदारानें पाटाचें पाणी सोडून ठिबक घेतलें, तेव्हां तोहि हेंच शिकला. झाडाला पाणी किती सोडलें यापेक्षां मुळाशीं किती पोंचलें, याला महत्त्व आहे. यंत्रशाळेनें हा हिशेब मांडला, तर वऱ्हाडचें थोडकें पाणी आणि कारागिराचे हात, दोन्ही वांचतील.