गुब्बी वीरण्णा : एका नाटक कंपनीचा वारसा

मराठी नाटकाचा इतिहास आपण १८४३ साली सांगलीस झालेल्या विष्णुदास भावे यांच्या ‘सीता स्वयंवर’पासून सांगतो. परंतु भाव्यांपुढे कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळांचा आदर्श होता, या ऋणाचा उच्चार क्वचितच होतो. म्हणूनच कन्नड रंगभूमीच्या एका थोर उपासकाचे स्मरण आपणांस परके वाटू नये.

तुमकूर जिल्ह्यातील गुब्बी गावी १८८४ साली श्री चन्नबसवेश्वर नाटक कंपनी स्थापन झाली. १८९१ साली जन्मलेले वीरण्णा बालवयातच तीत दाखल झाले व पुढे तिचे मालक झाले. ‘सदारमे’ नाटकातील त्यांचा विनोदी चोर विलक्षण गाजला. स्त्रीभूमिका पुरुषांनीच करण्याच्या काळात त्यांनी स्त्रियांना रंगमंचावर मानाचे स्थान दिले. त्यांच्या पत्नी बी. जयम्मा त्यांतील अग्रणी होत. ‘कुरुक्षेत्र’ नाटकात तर त्यांनी खरे हत्ती-घोडे रंगमंचावर आणले.

ते वैभव काळाच्या ओघात लोपले; टिकली ती कंपनीने घडविलेली माणसे. कंपनी म्हणजे नटांचे फिरते बिऱ्हाड होते, तशीच पाठशाळाही. राजकुमार, नरसिंहराजू, जी. व्ही. अय्यर ही मंडळी तेथे वावरली. १९५४ च्या ‘बेडर कण्णप्प’ या चित्रपटाने राजकुमार नायक झाले, त्याच्या निर्मितीतही वीरण्णांचा वाटा होता. घर सोडून आलेल्या बी. व्ही. कारंत या मुलास तर त्यांनी उच्च शिक्षणासाठी बनारसला पाठविले. तेच कारंत पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले, भोपाळच्या भारत भवनातील रंगमंडळाचे धुरीण झाले आणि १९८९ साली म्हैसूरच्या ‘रंगायण’चे शिल्पकार ठरले. वीरण्णांची नात बी. जयश्री यांनीही हा वारसा समर्थपणे चालविला.

१९७२ साली वीरण्णांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते निवर्तले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘कलेये कायक’, म्हणजे कला हेच कायक. शरणांच्या परंपरेत कायक म्हणजे ईश्वरपूजेच्या तोलाचे श्रम.

परप्रांतात गणेशोत्सवाच्या निमित्ताने का होईना, आपण मराठी नाटक जिवंत ठेवले. सुवर्णमहोत्सवाच्या आनंदात आपणही स्वतःस विचारावे : आपल्या मुलांना आपण केवळ पाठ केलेली भूमिका देतो, की कारंतांप्रमाणे दूर जाऊन शिकण्याचे बळही देतो?