सुताराची कैची आणि गिटारीचे पोट

दोन लाकडे एकमेकांना छेदून जाताना दोन्ही अर्धी-अर्धी खाचायची आणि एकात एक बसवायची, म्हणजे दोघांची पाठ एका पातळीत येते. खाटेच्या चौकटीत म्हणा, खिडकीच्या जाळीत म्हणा, हा सांधा तुम्ही शंभरदा पाहिला असेल. सुताराच्या पोराला तो आधीच शिकवतात. तोच सांधा गिटारीच्या पोटात आहे.

गिटार आपल्या कानांवर येते ती सिनेमाच्या गाण्यांतून. मुंबईच्या वाद्यवृंदांत ती वाजवणारे गोव्याचे वादकही पुष्कळ होते. पण तिचे पोट आतून पाहिलेले माणूस विरळा. तिची वरची फळी बहुधा स्प्रूस या देवदाराच्या कुळातल्या हलक्या लाकडाची, आणि जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. या फळीवर घोडी चिकटवलेली, आणि घोडीला सहा तारा. पोलादी तारा सुरात लावल्या की सगळ्यांची मिळून ओढ सत्तर किलोच्या आसपास जाते. एक धडधाकट गडीच म्हणा ना, त्या फळीला लोंबकळतो आहे! फळी जाड केली तर वाकणार नाही खरी, पण बोलणारही नाही. म्हणून फळी पातळच ठेवतात आणि तिला आतून लाकडी पट्ट्यांचा आधार देतात.

या पट्ट्या कशा लावायच्या, यावर कारागिरांची हयात गेली. जुन्या गिटारीत त्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असत. स्पेनमध्ये आंतोनियो दे तोरेस (१८१७ ते १८९२) याने बारीक पट्ट्या पंख्यासारख्या पसरल्या. हा तोरेससुद्धा मूळचा सुतारच, बरं का! त्याच्या पंख्यात पट्ट्या एकमेकींना छेदत नाहीत, तेव्हा खाचेचा प्रश्न नाही. तो आला अमेरिकेत, आणि त्याची मुळे जर्मनीत आहेत.

सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्खेन गावी १७९६ साली ख्रिस्तियन फ्रीडरिश मार्टिन जन्मला. घराणे लाकडी सामान करणाऱ्या सुतारांचे. तो व्हिएन्नाला योहान गेओर्ग स्टाउफर या नामांकित गिटारकाराकडे काम शिकला. गावी मात्र भांडण पेटले होते. व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ म्हणे, वाद्य करणे हे कलावंताचे काम, कपाटे करणाऱ्या सुतारांनी गिटारीला हात लावू नये. १८२६ साली आणि पुन्हा १८३२ साली त्यांनी सरकारदरबारी तक्रार नेली. सुतारांचा हक्क शाबूत राहिला, पण रोजच्या कटकटीला मार्टिन विटला असावा. १८३३ साली तो बायकामुलांसह न्यूयॉर्कला गेला, आणि १८३९ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथच्या परिसरात स्थिरावला. त्याच्या नावाचा कारखाना आजही त्याच गावी आहे.

१८४० नंतरच्या दशकात त्याच्या काही गिटारींत मुख्य दोन पट्ट्या कैचीसारख्या एकमेकींना छेदताना दिसू लागतात. याचे श्रेय त्याला एकट्याला देऊ नये. त्या काळच्या इतर जर्मन स्थलांतरितांच्या वाद्यांतही कैची आढळते. पण व्हायोलिनवाल्यांनी ज्या सुतारकीला नाके मुरडली, तिच्यातला अगदी पहिल्या धड्याचा सांधा वाद्याच्या काळजापाशी जाऊन बसला, याची मला मोठी गंमत वाटते.

तेव्हाच्या तारा आतड्याच्या, ओढीला सौम्य. कैचीवर फारसा भार नव्हता. पुढे हवाईच्या संगीताची लाट आली, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर तर ती अमेरिकाभर पसरली, आणि पोलादी तारांची मागणी वाढली. १९२२ साली मार्टिनच्या कारखान्याने पोलादी तारांसाठीच बांधलेली गिटार काढली. ओढ दीडपटीहून अधिक झाली, आणि खाचेचा कच्चा भाग उघडा पडला.

तो कसा, ते पाहा. दोन पट्ट्यांपैकी एकीची खाच फळीच्या बाजूला असते. तिच्यावर फळीच चिकटते, म्हणजे ती आपोआप झाकली जाते. दुसरीची खाच मात्र पोटाच्या बाजूला उघडी. आता कैचीची जागा आवाजाच्या भोकाच्या जरा खाली, घोडीच्या अलीकडे. तारांच्या ओढीने घोडी पुढे कलू पाहते. तिच्या मागे फळी फुगते आणि पुढे, म्हणजे नेमकी कैचीपाशी, आत दबते. उसाला कोयत्याचा अर्धा घाव घाला आणि घाव फाकेल असा तो वाकवा. काय होईल? तीच गत या उघड्या खाचेची. अर्धे लाकूड तिथे आधीच कापून टाकलेले.

उपाय अगदी साधा निघाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या मार्टिन गिटारींत कैचीवर सरसात भिजवलेला कापडाचा लहान तुकडा चिकटवलेला सापडतो. वाळला की तो खाचेचे दोन्ही काठ धरून ठेवतो. काही कारागीर कापडाऐवजी स्प्रूसची पातळ चकती लावतात. तिचे रेषे उघड्या खाचेच्या पट्टीच्या लांबीला धरून असले पाहिजेत. आडवे घातले तर चकती रेषेवरच चिरते. ताकदीत लाकूड सरस, असे माझे मत. पण चकती जाड झाली की फळीवरचे ओझे वाढते आणि आवाज दबतो. आणि मुळात खाच घट्ट बसलेली हवी. सैल खाचेत सरस ओतून भागत नाही. सरस चिकटवतो, पोकळी भरून काढत नाही. तशात दमट उष्ण हवेत तो नरमतो.

तुकडा सुटला किंवा खाच फाकली की गिटार आधी कुरकुरते, एखाद्या सुरावर बारीक थरथर ऐकू येते. मग दुरुस्ती करणारा तारा ढिल्या करतो, भोकातून लहानसा आरसा आणि दिवा आत घालतो, आणि बोटाच्या पेराने फळीवर हळूच ठोकत कैचीपर्यंत जातो. तिथला आवाज भद्द आला, तर त्याचे काम तिथेच आहे.